पहिल्या सत्राचा अभ्यास : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पदवीच्या पहिल्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची पत्रे दरवर्षी गणपती विसर्जनानंतर एकदम वाढतात, कारण तोवर पहिली अंतर्गत परीक्षा होऊन तिचे गुण कळलेले असतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. लेखकांची नावे वगळली आहेत आणि लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : बारावीला विज्ञान शाखेत मला ८६ टक्के मिळाले. आता बी.एस्सी.ला रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेतला आहे. अंतर्गत परीक्षेसाठी सेंद्रिय रसायनाचे प्रकरण मी चार वेळा वाचले होते, महत्त्वाच्या ओळी मार्करने रंगवल्या होत्या आणि वाचताना सगळे समजतही होते. पेपर हातात आल्यावर मात्र काहीच सुचले नाही. २० पैकी ७ गुण मिळाले. माझी बुद्धी कमी पडते आहे का?
(विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : बुद्धी कमी पडलेली नाही. अभ्यासाची पद्धत कमी पडली आहे आणि ती बदलता येते. ‘वाचताना सगळे समजत होते’ हे तुमच्या पत्रातले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तेच पान तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वाचताना सोपे वाटू लागते, कारण त्यातले शब्द, आकृत्या, अगदी कोणती ओळ पानावर कोठे आहे हेसुद्धा ओळखीचे झालेले असते. ही ओळख पटली की विषय आला असे मनाला वाटते. परीक्षेत मात्र पुस्तक मिटलेले असते आणि जे लिहायचे ते डोक्यातून काढून लिहायचे असते. ते काम तुम्ही पहिल्यांदा केले तेच थेट परीक्षेच्या दिवशी.

मग बारावीला असे का झाले नाही? बारावीला बहुतेक मुले कोठल्या ना कोठल्या क्लासला जातात. तेथे दर आठवड्याला टेस्ट होते, प्रश्नसंच सोडवून घेतले जातात, शेवटी सराव परीक्षांची मालिका असते. घरी वाचले तो अभ्यास आणि क्लासची टेस्ट ही त्याची तपासणी, असे मुलांना आणि पालकांनाही वाटत असते. प्रत्यक्षात अभ्यासाचा मोठा भाग त्या टेस्टमध्येच होत होता. महाविद्यालयात आल्यावर क्लास सुटतो, आठवड्याला प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही आणि हातात नुसते वाचन राहते. हुशार मुले पहिल्या सत्रात मागे पडतात, त्याचे सर्वांत मोठे कारण मला तरी हेच दिसत आले आहे.

याला प्रयोगांचा आधार आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना दोन उतारे वाचायला दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचून घेतला आणि दुसरा, न बघता आठवेल तेवढा, लिहून घेतला. लिहिताना काय चुकले तेही सांगितले नाही. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातील ८१ टक्के मजकूर सांगता आला आणि आठवून लिहिलेल्या उताऱ्यातील ७५ टक्के. म्हणजे लगेच पाहिले तर वाचनच सरस ठरते, आणि म्हणून आपली फसगत होते. ज्यांची चाचणी एका आठवड्याने घेतली त्यांचे आकडे उलटे आले : पुन्हा वाचलेले ४२ टक्के आणि आठवून लिहिलेले ५६ टक्के. हा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीही आणि नंतरही निरनिराळ्या विषयांत, निरनिराळ्या वयाच्या विद्यार्थ्यांवर असे प्रयोग झाले आहेत आणि त्यांचा कल हाच दिसतो.

आता हे तुमच्या विषयात कसे करायचे ते पाहू. समजा, आज वर्गात एसएन-१ आणि एसएन-२ या अभिक्रिया झाल्या, म्हणजे हॅलाइडमधला (क्लोरीन, ब्रोमीन यांसारखा अणू जोडलेल्या कार्बनी संयुगातला) तो अणू जाऊन त्याच्या जागी दुसरा गट येण्याचे दोन मार्ग. संध्याकाळी ते पान एकदाच, पण सावकाश वाचा. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि स्वतःला प्रश्न घाला. एसएन-१ चा वेग कशाच्या प्रमाणावर ठरतो? कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन असलेला आयन) कोणत्या अभिक्रियेत तयार होतो? तृतीयक हॅलाइड कोणत्या मार्गाने जाते आणि का? एसएन-२ मध्ये रेणूची रचना उलटी का होते? उत्तर येवो अथवा न येवो, लिहिण्याचा प्रयत्न पुरा करा आणि मगच पुस्तक उघडून वेगळ्या रंगाच्या पेनाने दुरुस्ती करा. कदाचित असे दिसेल की एसएन-१ चा वेग केवळ मूळ हॅलाइडवर ठरतो एवढे तुम्हाला आठवले, पण त्यामागचे कारण सांगता आले नाही. हॅलाइड तुटून कार्बोकॅटायन होण्याची पायरी सर्वांत मंद असते आणि दुसरा अभिकारक त्या पायरीत भागच घेत नाही, हा दुवा तुमच्या हातून निसटला होता. चार वाचनांत तो कधीच लक्षात आला नसता, कारण वाचताना तो पुस्तकात समोर छापलेलाच असतो. कोऱ्या कागदावर तो दहा मिनिटांत सापडतो.

हाच कागद दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी आणि मग दोन आठवड्यांनी पुन्हा सोडवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले होते आणि १८८५ मध्ये दाखवून दिले होते की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार मोठा असतो आणि पुढे तो मंदावत जातो. म्हणून पहिली उजळणी लवकर करावी आणि नंतरच्या उजळण्यांमधले अंतर वाढवत न्यावे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सलग सहा तास एकाच प्रकरणाला देण्यापेक्षा तेच सहा तास दीड महिन्यात वाटून दिलेले कितीतरी जास्त टिकतात.

मार्कर टाकून द्या असे मी म्हणणार नाही. ओळ शोधायला तो उपयोगी पडतो. मात्र २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा ओळी रंगवणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे या दोन्ही कमी उपयोगाच्या ठरल्या, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराअंतराने अभ्यास करणे या दोन पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या. सुरुवातीला नवी पद्धत फार जड जाईल. काहीच येत नाही असे वाटून रडू कोसळेल, आणि पुन्हा वाचत बसावे असा मोह होईल. तेवढे पंधरा दिवस निग्रहाने काढा. आठवताना होणारा तो त्रास हाच अभ्यासातला कामाचा भाग असतो.

प्रश्न : माझे बारावीपर्यंतचे शिक्षण बीड जिल्ह्यात मराठी माध्यमात झाले. पुण्यात बी.ए.ला अर्थशास्त्र घेतले आहे आणि शिकवणे इंग्रजीत आहे. सर जे बोलतात ते सगळे उतरवून घेण्याचा प्रयत्न करतो. पण एक वाक्य लिहीपर्यंत सर दोन वाक्ये पुढे गेलेले असतात. वहीत शेवटी अर्धवट वाक्येच उरतात. वर्गात विचारायची भीती वाटते.
(विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तुमच्यावर एकाच तासाला तीन कामे येऊन पडली आहेत : सवय नसलेली भाषा ऐकून समजून घेणे, नवी संकल्पना समजून घेणे आणि हे सगळे भरभर लिहून काढणे. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांनाही ही तिन्ही कामे एकदम करताना दम लागतो. तेव्हा निदान एक काम वर्गाच्या बाहेर काढले पाहिजे, आणि संकल्पना समजून घेण्याचे काम बाहेर काढणे सर्वांत सोपे आहे.

त्यासाठी उद्या वर्गात कोणता मुद्दा येणार हे आज माहीत असायला हवे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तुमच्या विषयाचा अभ्यासक्रम मिळतो. त्यात प्रत्येक घटक, त्याला दिलेल्या तासिका आणि संदर्भग्रंथांची यादी असते. हे चार-पाच कागद छापून वहीच्या पहिल्या पानाला लावा. पहिल्या वर्षाच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी आपल्या विषयाचा अभ्यासक्रम एकदाही उघडून पाहिलेला नसतो, याची मला खरोखर खंत वाटते, कारण पुढच्या तासाची तयारी तेथूनच सुरू होते.

समजा, उद्याचा मुद्दा ‘प्राइस इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’ आहे. हे इंग्रजी नाव ऐकून परके वाटते, पण मागणीची लवचिकता तुम्ही बारावीच्या अर्थशास्त्रात शिकलेले आहात. बालभारतीचे ते पुस्तक आजही संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. आदल्या रात्री तेवढे प्रकरण मराठीत वाचा आणि एक उदाहरण स्वतः मांडा : एखाद्या वस्तूची किंमत १० टक्क्यांनी वाढली आणि तिची मागणी २० टक्क्यांनी घटली, तर लवचिकता २, म्हणजे मागणी लवचिक, मिठाची किंमत तेवढीच वाढली आणि घरोघरी जवळजवळ पूर्वीइतकेच मीठ लागले, तर मागणी अलवचिक. एवढी तयारी करून वर्गात बसलात की सरांच्या इंग्रजी वाक्यातले निम्मे शब्द कळले नाहीत तरी चर्चा कोठे चालली आहे हे कळते, आणि नवे इंग्रजी शब्द आपोआप जुन्या मराठी अर्थाला जाऊन चिकटतात.

वहीच्या शेवटी दोन रकान्यांचे एक पान कायमचे राखून ठेवा. एका रकान्यात इंग्रजी संज्ञा आणि दुसऱ्यात तिचा मराठी पर्याय व आपले उदाहरण. मराठी पर्यायांसाठी राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आहेत आणि त्यांत अर्थशास्त्राचाही कोश आहे. संकल्पना खोलात वाचायची असेल तर मराठी विश्वकोश ऑनलाइन खुला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला सुरू झालेल्या त्या कामाचा लाभ आपल्या मुलांनी मोबाइलवर सहज घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

वर्गात सगळे उतरवून घेणे मात्र थांबवा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात टिपणांची एक रीत रूढ केली. ती साधी आहे. पानाच्या डाव्या बाजूला चार बोटांची जागा रेघ मारून मोकळी ठेवायची आणि खाली पाच-सहा ओळी सोडायच्या. तासाला उजव्या बाजूला फक्त मुद्दे, आकृत्या, सूत्रे आणि उदाहरणे लिहायची, आणि ती मराठी-इंग्रजी अशा मिश्र भाषेत लिहिली तरी चालते, कारण वही तुमच्यासाठी आहे. त्याच संध्याकाळी डावीकडच्या जागेत त्या मजकुरावरचे प्रश्न लिहायचे आणि खालच्या ओळींत सगळ्या तासाचा सारांश आपल्या शब्दांत. पुढच्या वेळी उजवी बाजू वहीच्या पुठ्ठ्याने झाकायची आणि डावीकडच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. सांगलीच्या विद्यार्थिनीला जे सांगितले तेच यात घडते, फक्त त्याची तयारी वहीत आधीपासून असते.

विचारण्याच्या भीतीबद्दल एक सांगते. ‘मला काहीच समजले नाही’ असे म्हटले तर शिक्षकालाही कोठून सुरुवात करावी हे कळत नाही. तास संपल्यावर वही उघडून ‘या आकृतीत रेषा आडवी का झाली एवढेच समजले नाही’ असे विचारले, तर दोन मिनिटांत उत्तर मिळते. हा प्रश्न मराठीतून विचारायला काहीही हरकत नाही. आणि एक चौकशी परीक्षा विभागात जरूर करा. अनेक विद्यापीठांत कला आणि वाणिज्य शाखेच्या पेपरची उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा असते. ती घ्यायची की इंग्रजीतून लिहिण्याचा सराव करायचा हे तुम्ही ठरवा, पण पहिल्याच सत्रात ठरवा. ऐनवेळी भाषा बदलण्यात मुलांचे फार नुकसान होते.

प्रश्न : आमचा मुलगा बी.कॉम.ला आहे. सकाळी साडेसातला कॉलेजला जातो आणि बाराच्या आत घरी येतो. मग दिवसभर हातात मोबाइल. विचारले तर म्हणतो, ‘अभ्यास झाला.’ पदवीला रोज किती तास अभ्यास करायला हवा?
(पालक, नाशिक)

उत्तर : याचे एक अधिकृत म्हणता येईल असे गणित आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर पदवीचा अभ्यास श्रेयांकांत मोजला जातो, ज्यांना मुले क्रेडिट म्हणतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका वर्षाचे ४० श्रेयांक आणि त्यांसाठी १२०० तासांचे अध्ययन धरले आहे. म्हणजे एका सत्राला २० श्रेयांक आणि ६०० तास झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रचनेत लेखी विषयाच्या एका श्रेयांकाला वर्गातले १५ तास असतात. त्या हिशेबाने २० श्रेयांकांचे ३०० तास वर्गात जातात आणि उरलेले ३०० तास विद्यार्थ्याने स्वतः द्यायचे असतात. सत्र १५ आठवड्यांचे धरले तर आठवड्याला २० तास वर्ग आणि २० तास स्वतःचा अभ्यास, म्हणजे रविवार मोकळा ठेवला तरी रोज सव्वातीन तासांच्या आसपास. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास प्रयोगशाळेतच जातात, त्यामुळे तेथे हे प्रमाण बदलते. तुमच्या मुलाचे वेळापत्रक पाहता सकाळचा वेळ म्हणजे या गणिताचा फक्त अर्धा भाग आहे. हा हिशेब त्याला कागदावर मांडून दाखवा. ओरडण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

तरीही तासांवरून रोज झाडाझडती घेऊ नये, अशी माझी विनंती आहे. तास मोजू लागलो की मुले तास भरू लागतात, आणि पुस्तक उघडे ठेवून तीन तास बसणे अजिबात अवघड नसते. त्यापेक्षा जेवताना सहज विचारा, ‘आज वर्गात काय झाले ते मला समजावून सांग.’ समजा, त्यांचा घसारा, म्हणजे वापरामुळे मालमत्तेच्या किमतीत दरवर्षी धरली जाणारी घट, हा विषय चालू आहे. एक लाख रुपयांच्या यंत्रावर दरवर्षी १० टक्के घसारा धरायचा, तर पहिल्या वर्षी दोन्ही पद्धतींत १०,००० रुपयेच येतात. मग दुसऱ्या वर्षी एका पद्धतीत १०,००० आणि दुसऱ्या पद्धतीत ९,००० कसे येतात? मूळ किमतीवर आणि उरलेल्या किमतीवर घसारा धरण्यातला हा फरक त्याला तुमच्यासारख्या वाणिज्य न शिकलेल्या माणसाला सांगता आला, तर अभ्यास झाला आहे असे समजा. अडखळला तर कोठे अडखळला हे त्याचे त्यालाच कळेल आणि तुम्हाला एक शब्दही बोलावा लागणार नाही. आईवडिलांना विषय यायला हवा असे मुळीच नाही. ऐकणारा कोणीतरी हवा असतो.

मोबाइलबद्दल थोडक्यात सांगते. तो उलटा करून टेबलावर ठेवण्याचा काही फायदा नाही. अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत असावा, आणि हा नियम त्या वेळेपुरता घरातल्या मोठ्यांनीही पाळावा. घरात जागा अपुरी असेल तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली अभ्यासिका दुपारी बहुधा मोकळी असते. बाराच्या आत घरी येण्याऐवजी दोन तास तेथे बसून येण्याची सवय लागली, तर हा प्रश्न निम्म्याने सुटेल.

प्रश्न : आमच्या वर्गात सगळेच असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून घेतात. मी एकटी स्वतः लिहिते, तर गुण त्यांच्याइतकेच किंवा कमी मिळतात. मग वेळ का घालवायचा?
(विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : तुमचा राग रास्त आहे आणि स्वतः लिहिणे सोडू नका असेच मी सांगेन. असाइनमेंटच्या पाच-दहा गुणांसाठी जो विचार तुम्ही केला, तोच लेखी परीक्षेत आणि तोंडी परीक्षेत पुन्हा लागतो, आणि तेथे प्रत्येक जण एकटा असतो. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून प्रयोग उतरवणारी मुले व्हायवाला पहिल्या ‘का?’ लाच गप्प होतात, हे दृश्य प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले आहे. वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत. संशोधन प्रबंधात १० टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर दुसरीकडचा आढळला तर टप्प्याटप्प्याने कारवाई होते. ज्याला पुढे एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करायची आहे त्याने आपल्या वाक्यात लिहिण्याची आणि दुसऱ्याचे घेतले तर तसे नोंदवण्याची सवय पहिल्या वर्षातच लावून घ्यावी.

ही साधने वापरूच नयेत असे माझे मत नाही. आधी स्वतःचे उत्तर पूर्ण लिहा आणि मग त्या साधनाला सांगा की या मुद्द्यावर मला दहा प्रश्न विचार. अशा वेळी ते तुमची परीक्षा घेणारे साधन होते आणि त्याचा खरा लाभ मिळतो. त्याने दिलेले संदर्भ मात्र ग्रंथालयाच्या यादीत स्वतः शोधून पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नका, कारण अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची आणि लेखांची नावेही ही साधने अगदी खात्रीने सांगतात.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या सत्रात आहे. सायंकाळी ६ ते रात्री ११ औषधांच्या दुकानात काम करतो, कारण घरून पैसे येत नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास करतो. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. मला अभ्यास जमणार आहे का?
(विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : जमेल. मात्र तुमच्याकडे वेळ कमी आहे, आणि आदली रात्र जागून काढणे ही तो वेळ वापरण्याची सर्वांत महागडी रीत आहे. दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे काम झोपेत होत असते. १९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाक यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरसमूह पाठ करून घेतले आणि काही तासांनी त्यांची चाचणी घेतली. मधले तास झोपेत गेले असतील तर त्यांना बरेच जास्त आठवत होते आणि जागेपणी गेले असतील तर कमी. पुढच्या शंभर वर्षांत झोप आणि स्मरण यांचा हा संबंध अनेक मार्गांनी पुन्हा दिसून आला आहे. तुम्ही रात्री अकराला सुटता आणि सकाळी कॉलेजला जाता. त्यातून आणखी झोप कापण्याची मुळीच सोय नाही.

तेव्हा दिवसातले तुकडे शोधावे लागतील. कॉलेज सुटल्यापासून सहापर्यंतच्या वेळात दीड तास ग्रंथालयात बसा, घरी जाऊन नको. घरी गेले की थकव्याने डोळा लागतो आणि तेही साहजिकच आहे. या दीड तासात नवे वाचन कमी आणि आठवून लिहिणे जास्त असावे. दुकानात गिऱ्हाईक नसते तेव्हा पुस्तक उघडणे मालकाला आवडणार नाही, पण एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात मावतात. बसच्या रांगेत आणि जेवणाच्या सुट्टीत तेवढ्या चिठ्ठ्या डोळ्यांखालून घालता येतात. ज्या चिठ्ठीचे उत्तर सलग तीनदा बरोबर आले ती आठवड्यासाठी बाजूला ठेवा, आणि जिचे उत्तर चुकले ती उद्याच्या गठ्ठ्यात घाला.

राहिलेल्या दोन विषयांचे आणि चालू सत्राच्या विषयांचे ओझे एकदम येईल, म्हणून आधी काय करायचे हे ठरवायला हवे. त्या दोन विषयांचा अभ्यासक्रम काढा आणि प्रत्येक घटकासमोर छापलेल्या तासिका पाहा. ज्या घटकाला जास्त तासिका, त्याला परीक्षेतही सहसा जास्त वजन असते. ग्रंथालयातून मागच्या तीन-चार परीक्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या आणि प्रश्नाशेजारी घटकाचा क्रमांक टाका. तासाभराच्या या कामातून कोणत्या घटकाला किती वेळ द्यावा हे स्पष्ट दिसते. ‘अपेक्षित प्रश्न’ म्हणून झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या संचांवर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. त्यांतली उत्तरे बहुतेक वेळा जुन्या अभ्यासक्रमाची असतात, आणि आता तो बदललेला आहे.

पैशांच्या बाजूनेही काही करता येईल. शिकता शिकता कमावण्याची परंपरा आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी घालून दिली, आणि साताऱ्याला १९४७ मध्ये सुरू झालेले छत्रपती शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर उभे राहिले. आज अनेक विद्यापीठांत ‘कमवा व शिका’ योजना चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत किंवा बागेत दिवसाचे काही तास काम करून विद्यार्थ्याला मानधन मिळते. दुकानाइतके पैसे कदाचित मिळणार नाहीत, पण काम आवारातच असते, परीक्षेच्या काळात सवलत मिळू शकते आणि रात्रीचे अकरा वाजत नाहीत. तुमच्या महाविद्यालयात विद्यार्थी विकासाचे काम पाहणारे एक प्राध्यापक नेमलेले असतील. या आठवड्यात त्यांना भेटा आणि उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि प्रवेशाची पावती सोबत न्या. त्याच भेटीत शासनाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत कधीपर्यंत आहे हेही विचारा, कारण ती मुदत चुकवणारे विद्यार्थी दरवर्षी असतात आणि त्यांतले बहुतेक तुमच्यासारखे कामावर जाणारेच असतात.